गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसला रिॲक्शन आली होती. दुसरा द्यायचा का?

धायरीकरीण

नमस्कार. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मुलगी सोळा महिन्यांची आहे. नवव्या महिन्यात घरापासून जवळच्या लसीकरण केंद्रात तिला एकाच दिवशी तीन टोचण्या दिल्या. गोवर-रुबेला, न्यूमोनियाची पीसीव्ही आणि पोलिओची ती दंडावरची बारीकशी. वर अ जीवनसत्त्वाचा चमचा. सिस्टर म्हणाल्या, अर्धा तास बसा. आम्ही दहा मिनिटं बसलो. नवऱ्याची साडेअकराला मीटिंग होती, बाहेर रिक्षा आयती उभी होती आणि मुलगी रडून रडून झोपली होती.

धायरी फाट्याच्या अलीकडे रिक्षा अडकली. आधी तिचा कान लाल झाला. ऊन लागत असेल म्हणून मी ओढणी आडवी धरली. मग झबलं वर केलं तर पोटभर गांधी उठलेल्या, एकमेकींत मिसळून पार नकाशा झालेला. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या. खोकायला लागली, कोरडं, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसं. भडाभडा उलटी झाली आणि तिने मान टाकली. हातात घेतली तर ओल्या पंचासारखी.

रिक्षावाले काका एक अक्षर बोलले नाहीत. उलट्या बाजूने रिक्षा घातली आणि जो पहिला दवाखाना दिसला त्याच्या दारात नेऊन उभी केली. आतले म्हातारे डॉक्टर आम्ही त्याआधी कधी पाहिलेले नव्हते. त्यांनी पायजम्यावरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. चार-पाच मिनिटांत ओठांना रंग आला. पुढे रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं, कारण काही तासांनी पुन्हा उलटू शकतं म्हणे. घरी सोडतानाच्या कागदावर 'ॲनाफिलॅक्सिस' लिहिलंय, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी.

आता दुसरा एमआर (गोवर-रुबेला) आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आलाय. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, मी इथे देणार नाही, आधी ॲलर्जीवाल्यांना दाखवा. त्यांची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. सासूबाई म्हणतात, एकदा देवाने हात दिला, पुन्हा त्याची परीक्षा बघायची नाही. नवरा म्हणतो घ्यायलाच पाहिजे. तो हे ज्या शांतपणे म्हणतो त्याचा मला राग येतो. मी दोन्हीकडून बोलते आणि रात्री तिच्या छातीवर हात ठेवून झोपते.

कुणी यातून गेलंय का? आणि कृपा करून 'लाखात एखाद्याला होतं' असं सांगू नका. ती एखादी माझ्या मांडीवर होती.

(तिला अंडं अजून दिलेलं नाही. शाकाहारी घर आहे.)

---

भेळभत्ता

अशा गोष्टी इथे विचारू नयेत. डॉक्टर आहेत ना?

---

धायरीकरीण

आहेत, आणि त्यांच्याकडेच जाणार आहे. तोवरचे तीन आठवडे काढायचेत.

---

साधाजीव

ताई, सासूबाईंचं ऐका. आमच्या लहानपणी वाड्यात सगळ्या पोरांना गोवर आला. कडुलिंबाचा पाला अंथरायचे, आठ दिवसांत पोरं अंगणात. त्यानंतर जन्मभराची प्रतिकारशक्ती, तीही फुकट. कोविडच्या लसीचं पुढे काय काय निघालं ते वाचलंत ना?

---

कसबा_७२

साधाजीव, तुमचा वाडा नशीबवान. आमच्या वाड्यातही पाला अंथरला होता. धाकट्या बहिणीचा गोवर मावळला आणि मागून छाती भरली. पाचव्या दिवशी गेली. तीन वर्षांची होती. आई त्यानंतर कडुलिंबाखालून जायची नाही, लांबून वळसा घालायची. 'आम्हाला काही झालं नाही' हे सांगायला मी उरलोय, ती नाही.

---

निवृत्त_सिस्टर

धायरीकरीणताई, मी महापालिकेच्या दवाखान्यांत एकतीस वर्षं टोचण्या दिल्या. डॉक्टर नाही, एएनएम. तेवढं धरून वाचा.

पहिलं म्हणजे, दहा मिनिटांत उठलात याचं ओझं घेऊन बसू नका. आमच्या बाकावर अर्धा तास पूर्ण बसणाऱ्या आया दहात चार. कुणाची बस असते, कुणाचं थोरलं शाळेतून सुटणार असतं. यात आमचंही चुकतं. 'अर्धा तास थांबा' एवढंच म्हणतो. 'बाळाचा श्वास अडकला तर औषध इथे आहे, रिक्षात नाही' असं म्हणत नाही. म्हटलं तर पुढच्या वेळी बाई येणारच नाही, ही धास्ती.

ते औषध म्हणजे ॲड्रेनलिन. प्रत्येक सत्राला टेबलावर त्याची वेगळी डबी असते. एक-एक मिलीच्या तीन अँप्यूल, एक मिलीच्या सिरिंजा, इंचाच्या सुया, कापसाचे बोळे आणि वयाप्रमाणे मात्रेचा तक्ता. अँप्यूलची काच तपकिरी, कारण उजेडाने औषध नासतं. एक्सपायरी बघायची, शिवाय उजेडासमोर धरून आतलं पाणी नितळ आहे ना तेही. तांबूस दिसलं की फेकायचं. मात्रा किलोला ०.०१ मिलीग्रॅम. तुमचं बाळ तेव्हा आठ किलोचं असेल तर ०.०८ मिलीग्रॅम, त्या अँप्यूलमधलं ०.०८ मिली, म्हणजे जेमतेम दीड थेंब. तेवढ्याने ओठांना रंग आला. कपड्यावरून दिलेलं चालतं. त्या डॉक्टरांनी पायजमा सोडण्यात वेळ घालवला नाही यावरूनच समजा की त्यांनी हे पूर्वी केलेलं आहे. पुष्कळ ठिकाणी आधी एव्हिल शोधतात. एव्हिलने गांधी बसतात, खाज जाते. घसा आणि रक्तदाब त्याच्या आवाक्यातला नाही.

मी स्वतः अशी केस एकदाच पाहिली. पाच वर्षांचा मुलगा, डीपीटीचा बूस्टर. वडील त्याला बाकावर ठेवून पाणी प्यायला गेले. मी पुढचं बाळ घेतलं होतं आणि कानावर आवाज आला, कुणीतरी स्ट्रॉने तळाचं सरबत ओढावं तसा. वळून पाहिलं तर त्याचा खालचा ओठ पोळीच्या लाटीएवढा. डॉक्टर आतून धावत आले. अँप्यूलची मान मोडताना माझ्या अंगठ्यात काच घुसली. रक्त आलेलं कळलं ते सगळं झाल्यावर, त्याच्या चड्डीवर डाग दिसला तेव्हा. डॉक्टरांनी औषध दिलं, त्याला आडवा ठेवून पाय उशीवर घेतले. वडील म्हणत होते त्याला उठवून बसवा, डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. अशा वेळी एकदम उभं केलं तर रक्त खाली उतरतं आणि हृदयाला मिळत नाही. मुलगा वाचला. आता कॉलेजात असेल.

बाकी ज्या 'रिॲक्शन' म्हणून आमच्यापर्यंत येतात त्यांतल्या बऱ्याच म्हणजे चक्कर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) शाळेत देताना एक मुलगी पडली की मागच्या रांगेतल्या तीन पडतात. चक्कर आलेली पोर पांढरीफटक असते, नाडी मंद, आडवी केली की दोन मिनिटांत हसते. अंगावर गांधी नाहीत, खोकला नाही. तुमच्या मुलीचं तसं नव्हतं. त्वचा, श्वास, पोट, सगळं एका वेळी बिघडलं. कागदावर लिहिलंय ते बरोबर वाटतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही गोवराच्या लसीलाच धरून बसला आहात. त्या दिवशी टोचण्या तीन होत्या. शरीराची एखाद्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असली तर ॲलर्जी उठते, पहिल्याच भेटीत सहसा नाही. पीसीव्ही आणि पोलिओ त्या दिवशी तिसऱ्यांदा होत्या, गोवर पहिल्यांदा. म्हणून गोवर निर्दोष सुटली असं मी म्हणणार नाही. तिच्यात लस टिकावी म्हणून जिलेटिन असतं आणि निओमायसिन या अँटिबायोटिकचा अंश असतो. ओळख दुसरीकडून झालेली असू शकते. अंड्याची काळजी मात्र सोडा. आपल्या हडपसरच्या सिरममध्ये बनते त्या एमआर लसीतला विषाणू मानवी पेशींवर वाढवतात, कोंबडीच्या गर्भावर नव्हे. आणि अंड्याची ॲलर्जी असली तरी गोवराची लस अडत नाही.

तेव्हा ॲलर्जीवाल्यांकडे जाताना कार्ड न्या, तिन्ही लसींचे बॅच नंबर केंद्राच्या रजिस्टरमधून उतरवून न्या. आणि ही घटना वर कळवली गेली का हे विचारा. खाजगी दवाखान्यात वाचलेली बाळं आमच्या नोंदीतून निसटतात. कळवलं नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून फॉर्म भरायला लावा, उशिरा झाला तरी भरता येतो. जिल्ह्याची समिती बघते की लसीमुळे झालं, लस हाताळण्यात चूक झाली की योगायोग.

केंद्रावर हा डोस घेऊ नका. मी तिथे असते तर मीही दिला नसता.

---

अपूर्णांक

धायरीकरीण, तुम्ही नको म्हणालात तरी आकडा सांगतो, पण वेगळ्या कारणासाठी.

अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१६ साली आला. अडीच कोटींहून जास्त डोस तपासले, त्यांत लसीने आलेला ॲनाफिलॅक्सिस ३३ जणांना. दहा लाख डोसांना १.३ च्या आसपास. त्यांतलं कुणी दगावलं नाही. उलट बाजूला गोवर: चांगल्या दवाखान्यांच्या देशांतसुद्धा हजार रुग्णांत एक ते तीन मुलं जातात, आणि हजारात सुमारे एकाचा मेंदू सुजतो. लस न घेतलेलं मूल गोवराच्या रुग्णाजवळ आलं तर दहात नऊ वेळा त्याला लागण होते. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत असतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला आणि मालेगावात गोवराच्या साथीत काय झालं ते विसरायला फार दिवस झालेले नाहीत.

साधाजीव, या हिशोबाला प्रामाणिकपणे एक गुणाकार हवा, मुळात गोवर गाठण्याची शक्यता किती. ती आज पुण्यात कमी आहे हे मान्य. कमी आहे कारण शेजारच्यांनी पोरं टोचून घेतली.

पण ताई, तुमच्या नवऱ्याचा शांतपणा बहुधा याच १.३ वर उभा आहे, आणि तिथे त्याचं चुकतंय. हा आकडा कुणाचा? ज्या मुलांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही त्यांचा. तुमच्या मुलीबद्दल ठाऊक आहे. तिचा धोका दहा लाखात एक उरलेला नाही. किती आहे ते माहीत नाही, आणि हे माहीत करून घेण्याची सोय आहे. म्हणून बालरोगतज्ज्ञांनी हात आखडला. सासूबाईंचं भ्यायचं कारण खरं आहे. फक्त त्या सगळ्याच लसींना भीत असतील, तर तीनपैकी कोणती ते शोधणं हाच उपाय.

अवांतर: सिस्टरनी एकतीस वर्षांत लाखभर टोचण्या दिल्या असतील आणि एक केस पाहिली. त्यावरून लाखाला एक असा दर काढू नये. काढणारे निघतील म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

---

निवृत्त_सिस्टर

लाखाच्या वर असतील. बोटांना विचारा.

---

साधाजीव

आकडे सगळे परदेशातले. कोविडच्या वेळी आपल्याकडे लसीने माणसं गेली ती कुठे मोजली?

---

अपूर्णांक

मोजली. केंद्राच्या समितीने जून २०२१ मध्ये सांगितलं की ६८ वर्षांच्या एका गृहस्थांना ८ मार्चला लस दिली होती, त्यांचा मृत्यू ॲनाफिलॅक्सिसने झाला. लसीमुळेच, असं स्पष्ट म्हटलं. तुम्हाला ज्या रक्ताच्या गुठळ्या म्हणायच्या आहेत तो प्रकार निराळा. तो काही दिवसांनी होतो, त्यात ॲलर्जी नाही आणि ॲड्रेनलिनचा उपयोग नाही. दोन्हींची मिसळ केली की आई अर्धा तास बसायचं सोडून महिनाभर भीत बसते.

---

नारळीपाक

आम्ही यातून गेलोय, मुलगा आता सात वर्षांचा आहे. लस वेगळी होती, पण तिथे काय होतं तेवढं सांगतो.

आधी त्वचेची चाचणी. लसीचा थेंब हातावर ठेवून सुईने टोचतात, शेजारी तुलनेसाठी नुसत्या सलाईनचा आणि हिस्टामिनचा (याने गांधी उठतेच) थेंब. पंधरा-वीस मिनिटं मुलाला खाजवू द्यायचं नाही, हेच सगळ्यात अवघड. मोबाईलवर कार्टून घेऊन जा. काही आलं नाही तर लस शंभर पट पातळ करून कातडीत टोचतात. तेही कोरडं गेलं तर पूर्ण डोस देऊन बसवतात. फुगलं तर डॉक्टर ठरवतात, तुकड्यांत द्यायचा की द्यायचाच नाही.

चाचणीच्या काही दिवस आधीपासून सर्दी-खाजेची औषधं बंद ठेवावी लागतात, नाहीतर चाचणी खोटी कोरडी येते. हे आम्हाला फोनवर कुणी सांगितलं नाही आणि एक हेलपाटा फुकट गेला. किती दिवस ते आत्ताच विचारून घ्या.

आणि गोवराची अँटीबॉडी तपासायला सांगा. एका डोसने काम झालेलं असेल तर कदाचित घाई उरणार नाही.

---

धायरीकरीण

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. तेव्हा उत्तरं देणाऱ्या सगळ्यांचे आभार, भेळभत्ता तुमचेही.

आधी केंद्रावर गेले. त्या सिस्टरना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्या खाली बसल्या. रजिस्टर काढून बॅच नंबर त्यांनीच माझ्या वहीत लिहून दिले. फॉर्म भरून वर गेला.

अँटीबॉडीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे एवढं रामायण होऊन पहिल्या डोसचा उपयोग शून्य. नवव्या महिन्यात दिलेला डोस शंभरातल्या पंधरा-एक बाळांना लागू पडत नाही म्हणे, आमची त्यांतली. तो कागद पाहून मी पार्किंगमध्येच रडून घेतलं.

ॲलर्जीच्या डॉक्टरांनी जेलीची, म्हणजे जिलेटिनची, साधी पावडर आणायला सांगितली, केक-बिक सजवायला वापरतात ती. सलाईनमध्ये कालवून तिचाही थेंब हातावर ठेवला. तर पीसीव्ही, पोलिओ कोरडे. जेलीचा थेंब फुगला, आणि एमआर कातडीत टोचल्यावर तोही. डॉक्टरांनी पेनाने कडेकडेने गोल आखून पट्टीने मोजलं. म्हणाल्या, जपानमध्ये नव्वदच्या दशकात अशी पुष्कळ मुलं सापडली होती, लसींतून जिलेटिन काढलं तेव्हा तिथल्या केसेस ओसरल्या. आमच्या मुलीची जिलेटिनशी ओळख कुठून झाली याचा पत्ता लागला नाही. जिलेटिन गाय-डुकरांच्या हाडा-कातडीपासून काढतात हे तिथे कळलं आणि सासूबाईंना लसीविरुद्ध नवा मुद्दा मिळाला. घरी येईपर्यंत रिक्षात तोच विषय.

तरी त्या सोबत आल्या. मीच म्हटलं होतं, तुम्ही नसाल तर मी देणार नाही.

हॉस्पिटलमध्ये सकाळी आठला भरती. हाताला सलाईनची सुई, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, ॲड्रेनलिन भरून तयार ट्रेमध्ये. सिस्टर, मी ती अँप्यूल मागून उजेडात धरून बघितली. तिथल्या नर्सबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

अर्ध्या मिलीचा डोस पाच तुकड्यांत. पहिला ०.०५ मिली तोही दहापट पातळ, मग नुसता ०.०५, ०.१, ०.१५ आणि ०.२. मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. तिसऱ्यानंतर मानेवर दोन गांधी आल्या, हरभऱ्याएवढ्या. माझे पाय गेले. डॉक्टर छाती तपासून म्हणाल्या श्वास मोकळा आहे, थांबू या. पाऊण तास थांबलो. सासूबाईंनी घड्याळ हातातून काढून मांडीवर ठेवलं होतं आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होत्या. नवरा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. पहिल्यांदा त्याचा हात थरथरताना दिसला. गांधी बसल्या. चौथा दिला, पाचवा दिला. पुढे काही झालं नाही. संध्याकाळी पाचपर्यंत ठेवून घेतलं.

डीपीटीचा बूस्टर आधीच्या आठवड्यातच झाला. त्यात जिलेटिन नाही हे डॉक्टरांनी डबीवरचा कागद वाचून मला दाखवलं. बसलो मात्र तासभर.

कार्डावर लाल शाईने जिलेटिन लिहिलंय. गोळ्या-जेली बंद, मऊ कॅप्सूलही विचारून. रिक्षावाल्या काकांना शोधायचंय, नंबर घेतला नव्हता. फाट्यावरच्या स्टँडवर दोनदा चौकशी केली, कुणी सांगू शकलं नाही.

हातावरची पेनाची गोलं तीन दिवस गेली नाहीत. सासूबाई रोज आंघोळीआधी तेल लावून एकेक पुसत होत्या.